जंगलातलं मातीचं धरण आणि त्याच्या खालचा नाला

जंगलातल्या छोट्या धरणाच्या माथ्यावर उभं राहिलं की सगळ्यांची तोंडं पाण्याकडे होतात. साहजिकच आहे. पलीकडच्या उथळ टोकाला चक्रवाक उतरलेले असतात, काठच्या चिखलात सांबरांचे खूर उमटलेले असतात, एखादी पाणकोंबडी लव्हाळ्यातून तुरुतुरु पळत असते. पण हे धरण कोणत्या सुरक्षा-वर्गात बसतं हे ठरवायचं असेल, तर पाण्याकडे पाठ करून खाली बघावं लागतं. नाला कुठे वळतो, पहिला रपटा कुठे लागतो, संरक्षण कुटी किती अंतरावर आहे, कुणाचं घर पात्राच्या किती जवळ आहे, हे बघावं लागतं.

धरणाचा वर्ग म्हणजे त्याच्या मजबुतीला दिलेले गुण, असा समज सर्रास आढळतो. तसं नाही. धोक्याचं वर्गीकरण एवढाच प्रश्न विचारतं: हे धरण फुटलंच, तर खाली काय होईल? उत्तम बांधलेलं, वर्षानुवर्षं एक थेंबही न गळलेलं धरण सर्वांत वरच्या धोका-वर्गात असू शकतं, कारण खाली वस्ती आहे. उलट गळकं, खचलेलं धरण सर्वांत खालच्या वर्गात असू शकतं, कारण खाली कित्येक किलोमीटर निव्वळ साग आणि बांबू आहे. धरणाची आजची प्रकृती हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची नोंदही वेगळी ठेवतात. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की मग ‘आमचं धरण पक्कं आहे, आम्हाला वर्गीकरण कशाला’ असं बोललं जातं.

पुढचं सगळं समजायला सोपं जावं म्हणून एक नमुन्याचं धरण डोळ्यांसमोर ठेवू. पूर्व विदर्भातल्या जंगलातला एक नाला, ८० हेक्टर पाणलोट. नाल्यावर मातीचा बांध, सर्वांत खोल जागी ६ मीटर उंच, ११० मीटर लांब. माथा ३ मीटर रुंद, पाण्याकडचा उतार अडीचास एक, मागचा उतार दोनास एक. म्हणजे खोल जागी बांधाची तळरुंदी झाली ३० मीटर. पूर्ण भरल्यावर पाण्याची खोली ४.४ मीटर, पाण्याखालची जमीन अडीच हेक्टर आणि साठा साधारण ३७ हजार घनमीटर. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे काहीच नाही. रानगवे, चितळ, बिबट्या आणि हिवाळी बदकं यांच्या हिशेबात मात्र उन्हाळा निभावून नेणारं पाणी आहे.

मातीचा बांध घालून पाणथळ जागा तयार करणं आपल्याकडे नवं नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. सरकारी कागदांत ते आज ‘माजी मालगुजारी’ किंवा नुसते ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जातात. ते बांधले धानासाठी. पण गोंदियात सारस टिकला तो या तलावांच्या आणि भोवतालच्या बांध्यांच्या आधाराने. नवेगावबांधचा मोठा तलावही कोहळ्यांनीच बांधला, अठराव्या शतकात. भरतपूरचं घाना अभयारण्य, जे पुढे राष्ट्रीय उद्यान आणि जागतिक वारसास्थळ झालं, तेही अजान बांध या मातीच्या बांधाच्या पाण्यावर उभं राहिलं. माणसाने अडवलेलं पाणी आणि रानातलं जिवंत पाणी यांची सीमारेषा आपल्या देशात फार पूर्वीच पुसट झाली आहे.

आता बांधाच्या पोटात शिरू.

मातीचा बांध म्हणजे मातीचा ढीग नव्हे. आधी नाल्याच्या तळात बांधाच्या लांबीभर चर खणतात, थेट कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत, आणि तो चिकण मातीने ठासून भरतात. पाणी बांधाच्या खालून वाट काढू नये म्हणून. त्या चरावर बांधाचा गाभा उभा राहतो. साइटवर त्याला सगळे ‘हार्टिंग’च म्हणतात. महाराष्ट्रात गाभ्याला बहुतेक काळी माती वापरली जाते. ती पाणी सहजी सोडत नाही, पण ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना मुरमाचं जाड आवरण घालतात. ते ‘केसिंग’. आवरण गाभ्याला उन्हापासून जपतं आणि उताराला भक्कमपणा देतं. उघडी काळी माती माथ्यावर राहिली तर एप्रिल-मे महिन्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी त्या भेगांतून आत जातं.

माती थराथरानं घालायची, प्रत्येक थर वीतभर, आणि त्याच्यावर रोलर. किती फेऱ्या, हे माती ठरवते. पाण्याचं प्रमाण नेमकं लागतं: कोरड्या मातीचे कण एकमेकांत बसत नाहीत आणि फार ओली माती रोलरखाली नुसती हलते. जुने मुकादम मूठभर माती दाबून बघतात. लाडू वळला पाहिजे, दोन बोटांत दाबल्यावर फुटला पाहिजे आणि तळहाताला पाणी लागता कामा नये. प्रयोगशाळेतली चाचणी हवीच. प्रयोगशाळेत मिळणाऱ्या कमाल घनतेच्या ९५ ते ९८ टक्के घनता जागेवर आली की थर मान्य करतात. पण दिवसभरात घातल्या जाणाऱ्या प्रत्येक थराजवळ प्रयोगशाळा नसते, मुकादम असतो. जंगलातल्या छोट्या कामांवर रोलरऐवजी ट्रॅक्टर किंवा जेसीबी फिरवून ‘दबाई झाली’ असं लिहिलं जातं. पुढच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ तिथेच असतं.

एवढं करूनही बांधातून थोडं पाणी पाझरतंच. पाझरणं हा दोष नाही. ते कुठून बाहेर येतं आणि सोबत काय आणतं, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून मागच्या पायथ्याशी दगडांचा भराव घालतात आणि माती व दगड यांच्यामध्ये वाळूची आणि बारीक खडीची गाळणी ठेवतात. गाळणी पाणी जाऊ देते, मातीचा कण अडवते. ही गाळणी म्हणजे धरणाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा गाळला जाणारा भाग.

मोठ्या मातीच्या धरणांच्या दुर्घटनांचे जगभर जे अभ्यास झाले, त्यांत दोन कारणं बाकी सगळ्यांना मागे टाकतात आणि दोघांचा वाटा जवळजवळ सारखा आहे. एक, पाणी माथ्यावरून वाहणं. दोन, आतून माती वाहून जाणं.

पहिलं कारण सांडव्याशी जोडलेलं. आपल्या ८० हेक्टर पाणलोटावर तासाला १०० मिलिमीटर वेगाचा पाऊस कोसळला आणि त्यातला चाळीस टक्के नाल्यात आला, तर सेकंदाला जवळपास ९ घनमीटर पाणी येतं. हे पाणी बांधाच्या कडेने, कठीण जमिनीत खोदलेल्या सांडव्यातून गेलं पाहिजे. सांडव्यावर ६० सेंटीमीटर खोलीने पाणी वाहू द्यायचं ठरवलं, तर सांडव्याच्या दर मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण ०.८ घनमीटर जातं. म्हणजे सांडवा किमान सव्वाअकरा, सोयीसाठी १२ मीटर रुंद हवा. त्याच्यावर आणखी एक मीटर मोकळी उंची. ४.४ अधिक ०.६ अधिक १. झाले आपले ६ मीटर. बांधाची उंची अशी खालून वर मोजत येते. काही ठिकाणी आधी उंची ठरते आणि मग सांडव्याला उरेल ती जागा दिली जाते. तो उलटा हिशेब आहे.

सांडव्याचा शत्रू म्हणजे अडथळा. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळी लावायची सवय गावोगावी आहे. पहिल्या पुराबरोबर पालापाचोळा आणि बांबूची वाळकी बेटं येतात, जाळी तुंबते आणि १२ मीटरच्या सांडव्याचा दोन मीटरचा होतो. थोडं जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचणं हेही तसंच घातक. प्राण्यांच्या भल्यासाठी केलं तरी घातकच. माथ्यावरून हातभर पाणी वाहायला लागलं की मागचा मातीचा उतार चिरत जातो, आणि एकदा घळ पडली की ती माणसाला बुजवता येत नाही.

दुसरं कारण अधिक गुपचूप काम करतं. बांधात कुठेतरी सलग पोकळी मिळाली की पाझराचा वेग वाढतो. वाढलेला वेग एक-एक कण उचलतो, त्यामुळे पोकळी रुंदावते, त्यामुळे वेग आणखी वाढतो. पोकळीची सुरुवात मागच्या बाजूने होते आणि ती उलटी, पाण्याच्या दिशेने सरकत येते. या बिघाडाचा सर्वांत मोठा धोका धरण पहिल्यांदा पूर्ण भरतं तेव्हा असतो.

बांधाच्या पोटातून जाणारा नळ ही पोकळीची आवडती जागा. नळाच्या खालच्या अंगाला माती दाबता येत नाही. रोलर तिथे पोचतच नाही. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं ते बांधकाम अपुरं असताना. पाणी सोडायच्या मार्गाचं काम पुरं झालेलं नव्हतं, तो मार्ग ढासळला आणि त्याच्यावरचा मातीचा भराव खचत गेला. पानशेत कितीतरी मोठं होतं, पण नळ आणि माती यांच्यातलं वैर लहान धरणातही तेवढंच असतं. पक्ष्यांसाठी बांधलेल्या तलावात पाण्याची पातळी हिवाळ्यात हळूहळू उतरवावी लागते, म्हणजे पाणी सोडायची सोय लागतेच. माझ्या मते अशा छोट्या बांधात नळ पुरण्यापेक्षा माथ्यावरून घातलेला वक्रनळ केव्हाही बरा. सावकाश पाणी ओढतो आणि बांधाला भोक पाडत नाही. नळ टाकायचाच असेल तर त्याच्या मागच्या टप्प्याभोवती वाळूची गाळणी हवी.

वन्यजीवांसाठीच्या धरणाची खास अडचण इथून पुढे सुरू होते, कारण ज्यांच्यासाठी धरण बांधलं तेच त्यात बिळं करतात. साळिंदर मागच्या उतारात खोल घर करतं. घोरपड, मुंगूस, उंदीर आहेतच. वाळवीचं वारूळ बांधावर उठलं तर वर दिसतो तो थोडाच भाग. आतली दालनं आणि वाटा मातीत दूरवर पसरलेल्या असतात. रानडुकरं ओल्या पायथ्याशी मुळं उकरतात. गव्यांचे आणि सांबरांचे कळप रोज एकाच पाऊलवाटेने पाण्यावर येतात. ती वाट बांधाच्या उतारावरून गेली तर दोन पावसाळ्यांत तिचा ओहोळ होतो. हाकलून हे थांबत नाही आणि हाकलायचं तरी का? त्यांना दुसरी वाट द्यायची. बांधापासून दूर, एका कडेला आठास एक किंवा त्याहून सौम्य उताराचा, मुरूम घातलेला घाट केला की कळप आपण होऊन तिकडे वळतात. बिळांवर उपाय म्हणजे मागच्या उतारात मातीखाली जाळी किंवा दगडी थर, आणि दर पावसाळ्याआधी बिळं उकरून, तळापर्यंत माती ठासून बुजवणं. नुसतं तोंड लिंपलं तर आतली पोकळी तशीच राहते.

खेकड्यांचा विषय निघाला की महाराष्ट्रात लोकांना तिवरे आठवतं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसेक माणसं गेली. त्यानंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याचं विधान गाजलं आणि त्यावर लोक संतापलेही. खेकडा बांध पोखरतो हे कोकणातला कुठलाही शेतकरी सांगेल. पण बीळ कुणाचंही असो, ते एका रात्रीत धरणाच्या आरपार जात नाही. ते आधी दिसतं, ओल दिसते, गळती दिसते. तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीबद्दल आधी तक्रारी केलेल्या होत्या. प्राण्यांच्या बिळांचा धोका खरा आहे, आणि म्हणूनच ती वेळेवर शोधणं हे माणसाचं काम आहे.

झाडांचंही तसंच. बांधावर कुठलंही झाड नको, कितीही सुंदर वाढलेलं असलं तरी. वाऱ्याने उन्मळलं तर बांधाचा लचका घेऊन जातं, आणि वाळलं तर कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ्या राहतात. पक्ष्यांना बसायला झाडं हवीत ती पाण्याच्या वरच्या टोकाला. बांधावर गवत, तेही गुडघ्याखाली. अभयारण्यात गवत कापायला मनाई असते म्हणून बांधावरही हात लावत नाहीत, आणि माणूसभर उंच गवतात कुठे काय पाझरतंय ते दिसत नाही. तेवढ्या पट्ट्यापुरती कापणीची परवानगी व्यवस्थापन आराखड्यातच लिहून ठेवावी.

आता वर्गीकरणाकडे येऊ.

भारतात धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पायाच्या सर्वसाधारण तळापासून माथ्यापर्यंत १५ मीटरहून उंच असलेली सगळी धरणं त्याच्या कक्षेत येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणं काही अटींवर येतात: लांबी ५०० मीटर किंवा अधिक, साठा दहा लाख घनमीटर किंवा अधिक, पुराचा कमाल विसर्ग सेकंदाला २००० घनमीटर किंवा अधिक, पाया विशेष अवघड, किंवा आराखडा नेहमीपेक्षा वेगळा. यांपैकी एक गोष्ट लागू पडली तरी पुरे. कक्षेतल्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे आणि धोक्यानुसार वर्गवारीही. राज्यात हे काम नाशिकची धरण सुरक्षितता संघटना बघते.

आपलं सहा मीटरचं धरण यात कुठेच बसत नाही. सांडव्याच्या पुराबद्दलचं भारतीय मानकही अर्धा दशलक्ष घनमीटर साठ्यापासून ‘लहान’ धरण मोजायला लागतं आणि अशा धरणाला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरायला सांगतं. आपला साठा त्याच्या तेराव्या हिश्श्याहून कमी. म्हणजे कायद्याने जाब विचारणारं कुणी नाही, मानकाने सक्ती करावी असं काही नाही. जंगलांतली जवळजवळ सगळी वनतळी आणि माती-नाला बांध याच मोकळ्या जागेत आहेत. तिथे प्रश्न विचारायचा तर तो धरणाच्या मालकानेच स्वतःला विचारायला हवा.

अमेरिकेत यासाठी एक सुटसुटीत पद्धत रूढ आहे. तीन वर्ग. धरण फुटल्यास माणूस दगावण्याची शक्यता नाही आणि नुकसान मुख्यतः मालकाच्याच जमिनीपुरतं राहील, तर कमी धोका. जीवितहानी नाही, पण रस्ता तुटेल, पाणीपुरवठा बंद पडेल किंवा निसर्गाचं मोठं नुकसान होईल, तर लक्षणीय धोका. एक जरी माणूस दगावण्याची शक्यता असेल, तर उच्च धोका. उंची आणि साठा इथे पूर्णपणे दुय्यम. आपल्या केंद्रीय जल आयोगाची पद्धत चार वर्गांची आहे आणि तिच्यात नुकसानीचे गुण अधिक बारकाईने मांडले जातात. पण रेंजर आणि उपअभियंता यांनी जागेवर उभं राहून पहिला अंदाज घ्यायला मला तीन वर्गांची पद्धत जास्त उपयोगी वाटते.

त्या पद्धतीला एवढं वजन कशामुळे आलं, ते जॉर्जिया राज्यातल्या केली बार्न्स धरणाच्या हकिकतीत दिसतं. टोकोआ धबधब्याच्या वर, एका ख्रिस्ती महाविद्यालयाच्या माथ्यावर, सुमारे १२ मीटर उंचीचं मातीचं धरण होतं. पूर्वी त्याच्यावर वीज होत असे. १९५७ नंतर ते नुसतं तळं म्हणून उरलं. उतारावर मोठाली झाडं वाढली, मागचा उतार एकदा घसरलाही होता. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटेआधी, मोठ्या पावसानंतर, ते फुटलं. खालच्या वसाहतीत महाविद्यालयाची कुटुंबं झोपलेली होती. ३९ माणसं गेली. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पुराचा कमाल विसर्ग सेकंदाला सुमारे ६८० घनमीटर असा काढला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आदेशाने देशभरातल्या, वस्तीच्या वर असलेल्या सुमारे नऊ हजार, संघराज्य सरकारच्या मालकीच्या नसलेल्या धरणांची तपासणी झाली.

आपलं धरण फुटलं तर? अशा वेळी वापरायची अनुभवसिद्ध सूत्रं आहेत. पाण्याची खोली आणि साठा घातला की कमाल विसर्गाचा अंदाज मिळतो. ४.४ मीटर आणि ३७ हजार घनमीटर घातले तर उत्तर येतं सेकंदाला ८० ते ९० घनमीटर. सांडव्यासाठी आपण धरलेल्या पुराच्या नऊ-दहा पट. अख्खं तळं पंधरा-वीस मिनिटांत रिकामं. म्हणजे या नाल्याने आजवर कधी पाहिला नाही एवढा लोंढा, तोही पाऊस नसताना येऊ शकतो.

लहान धरणाची एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. पाणी थोडं असल्यामुळे लोंढा पसरत जातो तसा झपाट्याने ओसरतो. पहिल्या अर्ध्या किलोमीटरात तो भीषण असतो. दोन-तीन किलोमीटरांवर, पात्र रुंद असेल तर, नेहमीच्या पुराएवढा होऊन जातो. त्यामुळे तपासायचा पट्टा छोटा असतो आणि तो एका सकाळी पायी चालून पुरा होतो. चालताना लोंढा कुठपर्यंत चढेल याचा अंदाज घ्यायचा आणि त्या रेषेच्या आत काय-काय आहे ते टिपायचं. पाण्याची मीटरमधली खोली आणि सेकंदाला मीटरमधला वेग यांचा गुणाकार ०.४ च्या वर गेला की मूल उभं राहू शकत नाही, ०.६ च्या वर मोठ्या माणसाचाही भरवसा नाही. अर्धा मीटर खोल पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने आलं की ही हद्द ओलांडली जाते.

टिपायचं काय? पक्की घरं सगळे टिपतात. निसटतात त्या इतर गोष्टी: रात्रपाळीला दोन वनरक्षक झोपतात ती कुटी, पावसाळ्यात गुराखी मुक्काम करतात तो मांडव, शाळकरी मुलं ओलांडतात तो रपटा, नाल्यात मासे धरायला बसणारी माणसं. यांपैकी कुटी एकटी जरी त्या रेषेच्या आत असेल, तरी धरण उच्च धोक्याचं. वनरक्षक दोनच आहेत म्हणून वर्ग खाली येत नाही. आणखी एक बारकावा: पूर आलेला असताना धरण फुटलं, तर पुराने होणारं नुकसान आणि फुटण्यामुळे त्यात पडणारी भर वेगळी मोजायची. वर्ग ठरतो तो भरीवर. कोरड्या दिवशी फुटलं तर मात्र सगळंच भर.

उच्च वर्ग आला की आकडे बदलतात. शंभर वर्षांचा पूर पुरत नाही, त्याच्या कितीतरी पट पूर धरावा लागतो. नुसता तिप्पट धरला तरी आपला सांडवा १२ वरून ३५ मीटरवर जातो. ११० मीटरच्या बांधाला ३५ मीटरचा सांडवा म्हणजे टेकडीची कड फोडणं आलं. शिवाय संकटकाळचा आराखडा लागतो: बांधावर आधी कोण पोचेल, मोबाइलला रेंज नसताना वायरलेसवर कुणाला कळवेल, खालच्या वाडीत कोण धावत जाईल.

म्हणून आधी विचारायचं ते हे की वर्ग खाली आणता येतो का? कुटी वर हलवणं सांडवा रुंद करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असतं. वस्ती हलत नाही, हलवूही नये. मग धरणच बदलायचं. पाण्याची खोली ४.४ वरून ३ मीटरवर आणली तर फुटल्यावरचा कमाल विसर्ग ८५ वरून ३५-४० वर उतरतो, निम्म्याहून कमी. पण साठाही तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि विदर्भात ऑक्टोबर ते मे या काळात सव्वा ते दीड मीटर पाणी नुसतं उन्हाने जातं. तीन मीटरचं तळं, पाझर धरून, ऐन वैशाखात चिखल होईल.

यावरचा तोडगा मला सर्वांत पटतो: बांध वाढवण्याऐवजी तळ खोदायचा. नाल्याच्या मूळ पातळीखाली खणलेल्या डोहातलं पाणी बांध फुटला तरी वाहून जात नाही, कारण ते जमिनीच्या खालीच आहे. तळ्याच्या मध्यात, बांधापासून अंतर राखून, दोन-अडीच मीटर खोल डोह केला तर उन्हाळ्याचं पाणी तिथे राहतं आणि धोक्याच्या हिशेबात ते धरावं लागत नाही. मात्र आधी कठीण, न गळणारी जमीन किती खोल आहे ते बघायचं, कारण खोदताना तिचाच थर फुटला तर तळं कधीच भरणार नाही. निघालेली माती वरच्या टोकाला पसरून सौम्य उतार आणि छोटी बेटं करता येतात. बदकं फूटभर पाण्यात चरतात, चिखलपक्ष्यांना वीतभरही जास्त होतं. पाणी दर आठवड्याला थोडं मागे सरकलं की नवा चिखल उघडा पडतो आणि त्यांची पंगत चालू राहते. खोल भिंतीसारख्या काठाच्या तळ्यात त्यांना बसायला जागाच नसते. सुरक्षितता आणि पक्षी दोघांनाही उथळ काठ आणि कमी उंचीचा बांध मानवतो. हा योग जुळून आलेला असताना उंच बांधाचा हट्ट धरला जातो, याचं मला वाईट वाटतं.

धरण झाल्यावर तपासणी मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा, शिवाय प्रत्येक मोठ्या पावसानंतर वनरक्षकाची फेरी. माथ्यावरून सरळ रेषेत नजर टाकून कुठे खळगा दिसतो का ते बघायचं. सांडवा मोकळा आहे का? मागच्या उतारावर भर उन्हाळ्यात हिरवं राहिलेलं गवत कुठे आहे? तिथे खाली ओल आहे. पायथ्याच्या चारीत इंग्रजी ‘व्ही’ आकाराची खाच असलेला पत्रा बसवला तर पाझर मोजता येतो: काटकोनी खाचेतून पाच सेंटीमीटर उंचीने पाणी वाहत असेल तर ते सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास. तळ्याची पातळी तीच असताना हा आकडा वाढला, तर बघावं लागेल. आणि दर फेरीला स्वच्छ काचेच्या बाटलीत पाझराचं पाणी भरून अर्धा तास ठेवायचं. नितळ राहिलं तर ठीक. तळाशी गाळ बसला तर धरणाच्या आतली माती बाहेर येतेय. त्याच दिवशी पातळी उतरवायला सुरुवात करायची आणि अभियंत्याला बोलवायचं.

वर्ग एकदा ठरवून संपत नाही. धरण बांधलं तेव्हा खाली जंगल होतं. दहा वर्षांनी बफर क्षेत्रात पर्यटक निवास येतात, आणि नाल्याकाठची जागाच सगळ्यांना आवडते. धरणात एक ढेकूळ हललेलं नसताना त्याचा वर्ग कमी धोक्यावरून उच्च धोक्यावर जातो. निवास बांधणाऱ्याला वर धरण आहे हे ठाऊक नसतं आणि वनविभागाला खाली निवास होतोय हे कळतं ते पाया भरल्यावर. लोंढ्याची रेषा गावनकाशावर आखून तिची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसीलदाराकडे आणि एक वनपरिक्षेत्र कार्यालयात ठेवली, बांधकामाच्या परवानगीआधी ती बघणं बंधनकारक केलं, आणि दर पाच वर्षांनी तो नाला पुन्हा पायी चालून रेषेच्या आतल्या नोंदी ताज्या केल्या, तर हे टळतं. नकाशा गावात आहे, नाला ठाऊक असलेली माणसं गावात आहेत आणि बांधाची उंची व साठा मंजुरीच्या फायलीत लिहिलेलाच आहे.